नागपुरात पाच जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू: आधी घड्याळ बघा, मग ॲप्टला हात लावा

पाच जुने डेस्कटॉप, उबुंटू 24.04 (फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम), महालातली एक अभ्यासिका, तीन दिवस. त्यातला दीड दिवस निव्वळ ॲप्टच्या (उबुंटूत सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) एका एररपायी गेला, आणि कारण निघालं नाण्याएवढा सेल.

पेन ड्राइव्ह बूटेबल करणं, पार्टिशन पाडणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. 25 जीबी मोकळी जागा ठेवा. इन्स्टॉलेशन पाचही मशीनवर बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते पहिल्याच ‘सुडो ॲप्ट अपडेट’ला, म्हणजे सर्व्हरवरून सॉफ्टवेअरची ताजी यादी मागवणाऱ्या कमांडला. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’, आणि पुढे कंसात अजून इतके दिवस, इतके तास. अर्थ सरळ आहे: सर्व्हरवरच्या फाइलवर ताजी तारीख आहे आणि तुमचं मशीन मागच्या तारखेत अडकलंय, म्हणून ॲप्ट ती फाइल घेत नाही. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल मेला की हे होतं. घड्याळ 2010 दाखवत असतं तर लगेच लक्षात आलं असतं. पण सिस्टिमडी (उबुंटू सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) बूट होताना घड्याळाला स्वतः तयार झाल्याच्या (बिल्डच्या) तारखेमागे जाऊ देत नाही. त्यामुळे तारीख थोडीच मागची, वरवर खरी वाटणारी दिसते, आणि माणूस नेटवर्कला दोष देत बसतो.

इंटरनेट असूनही वेळ आपोआप का जुळली नाही? अभ्यासिकेच्या फायरवॉलने यूडीपी 123 पोर्ट बंद केला होता. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा, एनटीपी, तिथूनच येते. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला आणि मिनिटाभरात तारीख सरळ झाली. हॉटस्पॉट नसेल तर ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी फॉल्स’, मग ‘सेट-टाइम’ देऊन तारीख-वेळ हाताने भरा. काम झालं की एनटीपी पुन्हा चालू करा. पण मेन स्विच बंद झाला की पुन्हा तेच, म्हणून सेल बदलाच. मल्टिमीटरवर नवा सेल 3 व्होल्टच्या आसपास दाखवतो. अडीचच्या खाली असला तर फेकून द्या. प्लसची बाजू वर.

बर्डीवरच्या एका दुकानात हाच एरर दाखवल्यावर ‘हार्डडिस्क गेली, एसएसडी टाका’ असं सांगून 2800 रुपये प्रति मशीन मागितले. साफ चुकीचं. ही एरर डिस्कची नाहीच. डिस्कचा संशय असेल तर ‘डिस्क्स’ ॲपमध्ये स्मार्ट तपासणी (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) फुकट होते. सेलचा सगळा खर्च दोनशेच्या आत आला. ‘नॉट व्हॅलिड येट’ वर कोणी पार्ट विकायला लागलं तर सरळ उठून या.

एका मशीनवर मात्र फरक बरोबर साडेपाच तासांचा होता. तिथे सेल चांगला होता. विंडोजसोबत ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम) होतं आणि हार्डवेअर घड्याळातली यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळ म्हणून वाचली जात होती. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 0’ देऊन वेळ नीट जुळवली की सुटलं.

बाकीचं थोडक्यात. ‘कुड नॉट गेट लॉक’ आलं तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आपोआप अपडेट टाकणारं अनअटेंडेड अपग्रेड्स मागे चालू असतं. लॉक फाइल उडवायचा सल्ला सगळीकडे मिळेल, तो अजिबात ऐकू नका, डीपीकेजीची (ॲप्टमागे प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) नोंद अर्धवट राहते. ‘हॅश सम मिसमॅच’ला (उतरवलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही) /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधल्या फाइली काढून पुन्हा अपडेट द्या. जुन्या पेन ड्राइव्हमध्ये उबुंटू 23.10 असेल तर 404, म्हणजे फाइल सापडली नाही, येणारच. तिचा सपोर्ट जुलै 2024 मध्ये संपलाय. सोर्स (सॉफ्टवेअर जिथून येतं ते पत्ते) दुरुस्त करत बसण्यापेक्षा 24.04 नव्याने टाका.

आणि मे महिन्यात यूपीएसशिवाय अपग्रेडला बसू नका. दुपारी लाइट गेली आणि पॅकेजेस अर्धी राहिली. लाइट आल्यावर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमाने. उलट क्रमाने दिलं तर ॲप्ट तुम्हाला पहिल्याच कमांडकडे परत पाठवतं.