कितीपैकी?

माझं काम आजारांच्या आकडेवारीचं. शिक्षक, वकील, इंजिनिअर अशा संख्याशास्त्राशी रोजचा संबंध नसलेल्या श्रोत्यांपुढे संशोधन मांडायची वेळ बरेचदा येते. तयारीला बसले की प्रत्येक स्लाइडवरच्या आकड्याला मी आधी विचारते: कितीपैकी?

हा प्रश्न न विचारणं किती महागात पडू शकतं ते १९९५ साली ब्रिटनमध्ये दिसलं. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा तिथल्या औषध-सुरक्षा समितीने दिला. माहिती खरी होती. सुमारे ७००० स्त्रियांमागे एकीला होणारा त्रास दोघींना होत होता. पण लोकांपर्यंत पोचलं ते फक्त 'दुप्पट'. धास्तावून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे तर कुणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणून मी टक्के बाजूला ठेवते आणि माणसं दाखवते. एखाद्या तपासणीबद्दल बोलायचं असेल तर पडद्यावर १००० राखाडी ठिपके. त्यातले १० लाल करायचे, हे खरे आजारी. तपासणी त्यातल्या ९ जणांना पकडते, त्यांच्याभोवती गोल काढायचा. मग उरलेल्या ९९० निरोगी लोकांकडे वळायचं. तपासणी त्यांच्यातल्याही ८९ जणांना आजारी ठरवते, तेव्हा त्यांच्याभोवतीही गोल. इथे मी थांबते, घाई करत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता किती, हे श्रोते स्वतःच मोजतात: ९८ गोल, त्यात लाल ९. दहात एकसुद्धा नाही! हेच गणित टक्क्यांत घातलं की डॉक्टरांचीही उत्तरं चुकतात, हे गेर्ड गिगरेंझर या मानसशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवून दिलंय.

'असं सोपं केलं की शास्त्र पातळ होतं' हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. नवी माहिती मिळाली की शक्यता कशी बदलते हे सांगणारा बेझचा अख्खा सिद्धांत त्या ठिपक्यांत आहे, एक कणही गाळलेला नाही.

आलेख असेल तर आडव्या अक्षावर काय आणि उभ्यावर काय, हे आधी तोंडाने सांगायचं, रेघेबद्दल नंतर. लॉग स्केल, म्हणजे सारख्या अंतरावर आकडा सारख्या पटीने वाढणारा अक्ष, शक्यतो नकोच. पद्धतीच्या स्लाइड्स मी शेवटी राखून ठेवते, कुणी विचारलं तर काढते.

अनिश्चितता मात्र मी कधीच कापत नाही. समोरच्यांना झेपणार नाही असं आपणच ठरवून टाकणं मला अन्यायाचं वाटतं. अंदाज ४० रुग्णांचा असेल आणि खरा आकडा ३० ते ५५ मध्ये कुठेही असू शकत असेल, तर तिन्ही आकडे पडद्यावर राहतात, तेही सारख्याच मोठ्या अक्षरात. त्यासाठी वेळ कमी पडला तर एखादा आवडता आलेख गाळते.