डाव्या हाताचं काम

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न साधारण असा असतो: "लहानपणापासून कतानाचं, म्हणजे जपानी तलवारीचं, वेड आहे. आता कासारवडवलीला स्वतःचं घर झालंय, हातात चार पैसे आहेत. खरी तलवार घेऊ का? आणि शिकायला सुरुवात कशी करू?" कासारवडवलीच्या जागी कधी ऐरोली असते, कधी सीवूड्स. माझं उत्तर एकच: तलवार आत्ता घेऊ नका. लाकडी घ्या, आणि पहिलं वर्ष डाव्या हातासाठी राखून ठेवा.

कताना दोन हातांनी धरतात. उजवा हात त्सुबाला, म्हणजे मुठीच्या वरच्या चकतीला, लागून असतो आणि डावा मुठीच्या अगदी शेवटाला. बघणाऱ्याची नजर उजव्यावर जाते, पण वार डाव्या हातातून निघतो, उजवा फक्त दिशा देतो. म्यान डाव्याच्या ताब्यात. तलवार परत म्यान करताना इजा होते ती डाव्याला. पातं पुसायला घेतलं तरी मूठ डाव्यातच. डावखुऱ्यांनाही उजव्यानेच उपसायला शिकवतात, त्यामुळे त्यांना थोडी सवलत मिळते. बाकीच्यांचा डावा हात जन्मभर पोळपाट धरायला आणि पिशवी उचलायला वापरलेला असतो. त्याला शहाणं करायला वेळ लागतो.

आता तलवारीकडे येऊ. ऑनलाइन स्वस्तात मिळते ती स्टेनलेस स्टीलची शोभेची वस्तू. खऱ्या कतानाचं पातं मुठीपाशी संपत नाही. त्याचा मागचा भाग, नाकागो, मुठीच्या निम्म्याहून बराच पुढपर्यंत आत जातो आणि मूठ-नाकागो मिळून आरपार एक बांबूची खिळी बसते. तिला मेकुगी म्हणतात. शोभेच्या तलवारीत पात्याला बोटाएवढी सळई वेल्ड करून मागून नट आवळलेला असतो. ती जोरात फिरवली की वेल्डपाशी तुटते आणि पातं समोर जो असेल त्याच्याकडे सुटतं. ओळख सोपी आहे: मुठीवरच्या दोरीच्या विणीत मेकुगीचं टोक शोधा. ते दिसलं नाही तर ती तलवार भिंतीवरून उतरवू नका.

धारेलगतच्या नक्षीवरही जाऊ नका. खऱ्या पात्यावर लोहार मातीचा लेप देतो, धारेवर पातळ आणि पाठीवर जाड, आणि तापलेलं पातं पाण्यात बुडवतो. धारेचा भाग झटकन थंड होऊन कडक होतो, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कडक झालेलं पोलाद जास्त जागा व्यापतं, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. कतानाचा बाक बराचसा तिथे, पाण्यात तयार होतो. कडक आणि चिवट भागांची जी सीमा दिसते ती हामोन. स्वस्त पात्यावर ती ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने उमटवलेली असते.

जपानहून आणलेल्या खऱ्या तलवारीचं प्रकरण वेगळंच. तिचं पोलाद, तामाहागाने, शिमाने प्रांतातल्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस-तीन रात्री जाळून काढतात. परवाना असलेला लोहार महिन्याला दोनच लांब तलवारी करू शकतो. शिवाय प्रत्येक तलवारीची तिथे नोंदणी असते आणि देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. तेव्हा "जपानहून आणलेली ओरिजिनल" म्हणून कुणी सहज देऊ करत असेल तर कागद मागा.

इथला कायदाही ऐका. शस्त्र कायदा १९५९ चा. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात येते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठाणे शहरात मनाई आदेश वारंवार निघतात आणि त्यांत तलवारी, भाले, काठ्या घेऊन फिरायला बंदी असते. घ्यायच्या आधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. धार नसली तरी लांबून ती तलवारच दिसते. पाठीला उघडी लटकवून लोकलमध्ये चढायचं नाही, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. लाकडीसुद्धा चेन लावलेल्या लांब पिशवीतूनच न्यायची.

लाकडी म्हणजे बोक्केन. लांबी १०२ सेंमीच्या आसपास, वजन साधारण ५०० ते ६०० ग्रॅम. जपानी बोक्केन ओकची असते. इथे सुताराकडून करून घ्यायची असेल तर सागवान नको. साग हलका आणि देखणा खरा, पण आघात बसला की रेषेवर चिरतो. अवजारांच्या दांड्यांना बाभूळ वापरतात ती उगीच नाही. लाकडाच्या रेषा टोकापासून मुठीपर्यंत सलग धावल्या पाहिजेत. रेषा मध्येच कडेला बाहेर पडत असेल तर बोक्केन तिथेच मोडणार. गाठ अजिबात नको. पॉलिश नको, घामाने हात घसरतो. महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा हात फिरवा, पुसा, दोन दिवस सावलीत ठेवा. तेल लावलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

धरायची कशी? डाव्या हाताची करंगळी मुठीच्या शेवटाला. पकड करंगळी आणि अनामिकेची, मधलं बोट जरा सैल, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले. डावी मूठ बेंबीसमोर, पोटापासून एक मूठ लांब. तलवारीचं टोक समोरच्याच्या गळ्याच्या उंचीला. वार थांबवताना दोन्ही मनगटं आतल्या बाजूला किंचित वळतात, ओला पंचा पिळतो तशी. जपानीतही ओलं फडकं पिळण्याचीच उपमा देतात. आपल्याकडे तर ती क्रिया हाडामांसात मुरलेली आहे, तेव्हा बोक्केन हातात घेण्याआधी खरोखरच एक पंचा पिळून बघा. पिळताना कोपरं बाहेर फेकली जात नाहीत, आत येतात. वारातही तसंच.

दिवसाला पाचशे वार मारल्याचं लोक अभिमानाने सांगतात. मला ते पटत नाही. सुरुवातीला वीस-वीसचे तीन फेरे पुरेत, पण प्रत्येक वाराला टोक एकाच उंचीला थांबलं पाहिजे. मोबाइल बरोब्बर समोर ठेवून चित्रण करा. वार उतरताना बोक्केन पडद्यावर एकच उभी रेघ दिसली पाहिजे. ती तिरकी दिसली किंवा शेवटाला उजवीकडे वळली, तर उजवा हात ओढतोय. दोन आठवड्यांनी तळहात बघा. फोड डाव्या करंगळी-अनामिकेच्या मुळाशी असतील तर ठीक चाललंय. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात असतील तर सगळं काम उजवा करतोय, आणि पुढचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला येणार. त्यावर मलम चोळत बसू नका, आठवडाभर नुसत्या डाव्या हाताने हळू उचला आणि उतरवा.

जागेचं गणित आधी करा. उंची १७० सेंमी असेल तर वर उचललेली तलवार कमानीत ९ फुटांच्या आसपास पोचते, आणि फ्लॅटमधला पंखा त्याच्या खालीच फिरत असतो. हॉलात उभ्याने वार करायचे नाहीत. गुडघ्यांवर बसून करा, दीड फूट तरी उंची वाचते. बसून पायांची लबाडीही करता येत नाही. गुडघ्यांखाली सतरंजी दुहेरी घाला, नुसत्या टाइल्सवर महिन्याभरात गुडघे बोलायला लागतात. गच्ची मिळाली तर पहाटे जा, चारही बाजूंनी ३ मीटर मोकळे ठेवा आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपांकडे पाठ करू नका.

शिकवणारा कसा निवडायचा? आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा. केंदोत बांबूच्या चार पट्ट्यांची शिनाई घेऊन, चिलखत घालून समोरासमोर लढतात. इआइदोत एकट्याने उपसणं, वार करणं आणि म्यान करणं घोटतात. जपानच्या केंदो महासंघाच्या इआइदोत बारा काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे क्रम, आहेत. पहिलीचं नाव माए, म्हणजे समोर. शिक्षकाला दोनच प्रश्न विचारा: तुम्ही कोणत्या परंपरेत आणि कुणाकडे शिकलात, आणि नवशिक्याला पहिल्या दिवशी काय देता? पहिल्याला सरळ उत्तर आलं आणि दुसऱ्याला "लाकूड" आलं तर बसा. तलवार गोल गोल फिरवून दाखवली तर उठा.

वर्षभराने इआइतो घ्या. ही सरावाची तलवार. पातं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, त्याला धार लावता येत नाही आणि चुंबकही चिकटत नाही. लांबी उंचीप्रमाणे: १७० सेंमीला पातं ७३-७४ सेंमी. दुकानदार शाकूत सांगेल, १ शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. पात्यावर लांबीभर कोरलेली खाच असेल तर बरोबर वाराला ती शीळ घालते. धार वाटेतून थोडी जरी तिरकी झाली तरी आवाज फाटतो. घरी एकट्याने सराव करणाऱ्याला याहून चांगला परीक्षक मिळत नाही.

म्यान करण्याला नोतो म्हणतात, आणि घाई केली की रक्त निघतं ते इथे. डाव्या हाताने म्यानाचं तोंड, कोइगुची, धरायचं. तर्जनी आणि अंगठ्याने ते जवळजवळ झाकून बारीकशी फट ठेवायची. पात्याची पाठ, त्सुबाच्या जरा पुढची, त्या बेचक्यावर टेकवायची आणि उजवा हात पुढे, डावा म्यानासह मागे, असे दोन्ही एकाच वेळी सरकवायचे. टोक फटीत पडल्याचं बोटांना कळतं. मग दोन्ही हात उलटे, आणि पातं आत. नवशिका डावा हात जागेवरच ठेवतो. मग उजव्याची लांबी पुरत नाही, टोक बेचक्याच्या बाहेर घुटमळतं आणि तळहातात शिरतं. इआइतोला धार नाही, पण टोक आहे. खाली बघून फट शोधायची सवय लागू देऊ नका. फार हळू करा, पण नजर समोर.

उपसतानाचा धोका वेगळा. म्यान लाकडाच्या दोन फाकांचं, भाताच्या खळीने चिकटवलेलं. पातं उपसताना धार लाकडाला घासत आणली तर ती आतून लाकूड कापत जाते आणि धारदार तलवारीबाबतीत एके दिवशी बाहेर येते, तीही म्यान धरलेल्या बोटांमधून. म्हणून बोटं धारेच्या बाजूला गुंडाळायची नाहीत, पातं पाठीवरच सरकवायचं आणि शेवटचं चार बोटं अंतर उरलं की म्यान मागे ओढून मोकळं करायचं.

म्यान पावसाळ्यात फुगतं. जुलैत तलवार अडकून बसली की लोक दोन्ही हातांनी हिसका देतात. तसं करू नका. डावा अंगठा त्सुबाच्या कडेला, मधोमध नव्हे, जरा आतल्या बाजूला लावून ढकला, तोंड सुटलं की मग उपसा. एसीच्या खोलीत किंवा डिसेंबरात उलटं होतं, लाकूड आकसतं आणि तोंड सैल पडतं. वाकलात की तलवार आपसूक बाहेर घसरते. तोंडाच्या आत दोन्ही बाजूंना कागदाएवढा लाकडी काप चिकटवला की पकड येते. पावसाळ्यात घट्ट झालं म्हणून लगेच घासू नका, ऑक्टोबर संपेपर्यंत थांबा.

आता ज्यांच्याकडे पोलादी पातं आहेच, रीतसर, त्यांच्यासाठी. खाडीकाठच्या हवेत, कोलशेत काय किंवा वाशी काय, बोटाचा ठसा काही दिवसांत तांबूस डाग होतो. पातं उघडं असताना त्यावर वाकून बोलायचं नाही, थुंकीचा तुषारही पुरतो. साफसफाई अशी: छोट्या पितळी हातोडीने मेकुगी ठोकून काढा, ती निमुळती असते म्हणून बारीक बाजूने ठोकायची. मुठीचा शेवट डाव्या हातात धरा, पातं उभं पण किंचित तिरकं, धार बाहेर. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. धक्क्याने नाकागो सुटतो. पहिला ठोका अगदी हलका, आखूड पातं एकदम उडतं. मग मूठ, त्सुबा आणि हाबाकी, म्हणजे पात्याच्या मुळाशी बसणारी धातूची कडी, क्रमाने उतरवा. धुऊन मऊ झालेला, खळ नसलेला सुती पंचा घडी करून पाठीच्या बाजूने पात्यावर धरा आणि मुळापासून टोकाकडे एकाच दिशेने ओढा. उलट कधीच नाही.

घासायच्या दगडाची पूड, उचिको, परंपरेत वापरतात. पण दर वेळी वापरली तर पात्यावर बारीक ओरखडे उठतात. सरावाच्या पात्याला शुद्ध अल्कोहोल पुरतं. नंतर तेलाचा पातळ थर: जपानी चोजी तेल म्हणजे खनिज तेल आणि त्यात लवंगेच्या तेलाचा अंश. नसेल तर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल चालतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते खवट आणि चिकट होतं. दोन-चार थेंब कापडावर घ्या, पात्यावर ओतू नका. जास्त झालेलं तेल म्यानात उतरतं, तिथे धूळ धरतं आणि पुढच्या वेळी पात्यावर चरे पडतात. नाकागोवरचा काळा गंज घासायचा नाही. त्यावरून तलवारीचं वय सांगतात आणि लोहाराची सही तिथेच असते. चकचकीत केलात की दोन्ही गेलं.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पातं काढून बघा, एरवी दोन महिन्यांनी. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, पलंगाखालचा बॉक्सही नको. कपाटाच्या वरच्या फळीवर, आडवी, धार वर करून ठेवा, सुती पिशवीत, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. कुलूप लावा, किल्ली वेगळ्या ठिकाणी. आणि परत जोडताना मेकुगी बसवल्यावर मूठ डाव्या हातात धरून उजव्या मुठीने डाव्या मनगटावर पुन्हा एकदा ठोका. खडखड ऐकू आली तर त्या दिवशी सराव नाही, आधी नवी खिळी.