आमची वाटचाल: एका रेघेचे किती तास?

लोगो घडवणारा हा स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी चित्रं काढणारी, मैत्रीण अक्षरं घडवणारी. दरपत्रक कसं करतात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, म्हणून तासांवर बिल लावायला लागलो. वहीत वेळ टिपायची, बेरीज करायची, पाठवून द्यायचं. त्यात मोठा प्रामाणिकपणा वाटायचा.

एका ग्राहकाने ती वहीच आमच्यावर उलटवली. तीन आठवडे डोकं खपवून आम्ही त्याला एकाच वळणाचं चिन्ह दिलं होतं. "मॅडम, ही तर एक रेघ आहे. हिला एवढे तास?" असं म्हणून त्याने निम्मेच पैसे दिले. आम्ही ते निमूट घेतले, हेही सांगायला हवं.

त्या संध्याकाळी मैत्रिणीने कॅरोलिन डेव्हिडसन यांचा विषय काढला. 1971 मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठात शिकत असताना त्यांनी बूट बनवणाऱ्या नायके कंपनीची ती प्रसिद्ध खूण, 'स्वूश', काढली. काम देणारे फिल नाइट तिथेच अकाउंटिंग शिकवायचे. दर तासाला 2 डॉलर, सगळं मिळून बिल 35 डॉलर. पुढे 1983 मध्ये कंपनीने त्यांना अंगठी आणि शेअर दिले, पण लोक ही गोष्ट 'बिचारी!' म्हणूनच सांगतात. मला मात्र त्यातला टिश्यू पेपर महत्त्वाचा वाटतो. बुटाचं चित्र खाली ठेवून त्यावर पातळ कागद धरून त्या आकार काढून बघत होत्या. खूण जिथे बसायची, तिथेच ती तपासली जात होती.

हे आम्ही उशिरा शिकलो. आम्ही अक्षरांत घडवलेलं एका ग्राहकाचं नाव पडद्यावर झकास दिसत होतं. टोपीवर भरतकाम होऊन आलं तेव्हा 'ब'चं पोट दोऱ्याने बुजलेलं. 'ब' की 'व', काही कळेना. दोनशे टोप्या आमच्या खर्चाने परत कराव्या लागल्या. तेव्हापासून शाई, दोरा आणि नखाएवढा आकार, या तिन्हींतून गेल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर पडत नाही.

तासांचा रकाना खोडायचं धैर्य आलं ते अमेरिकन डिझायनर पॉला शेर यांच्यामुळे. 1998 मध्ये सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी एकत्र झाल्या, आणि नवा लोगो हवा होता. ट्रॅव्हलर्सची खूण लाल छत्री. शेर यांनी बैठकीतच नॅपकिनवर इंग्रजीत 'सिटी' लिहिलं आणि वर एक कमान काढली. 'टी' अक्षराचं खालचं वळण म्हणजे छत्रीची मूठ. काढायला काही सेकंद लागले, पण तसं काढता येण्यामागे तीन दशकांहून जास्त काम होतं, असं त्या स्वतः सांगतात. याचं बिल तासांत कसं करणार? आम्ही विचार, रेखाटन आणि चाचणी यांची मिळून एकच रक्कम लिहायला लागलो, निम्मी आगाऊ. दोन ग्राहक गेले. जाऊ दे.

श्रेयाचं दुखणं वेगळंच. गूगलचा 2015 पर्यंत चाललेला लोगो, तो 'एल' मुद्दाम हिरवा ठेवलेला, डिझायनर रूथ केदार यांचा. रोज बघणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? आमचंही एक काम एका मोठ्या एजन्सीने आपलं म्हणून मिरवलं. आणि बैठकीत आमच्याबरोबर नवा शिकाऊ मुलगा असला की प्रश्न हटकून त्यालाच विचारले जायचे. तो बिचारा आमच्याकडे बघायचा. आता करारात एक ओळ असते: कुठेही काम दाखवाल तिथे ते करणारीचं नाव द्यायचं.

आज आम्ही पाच जण आहोत. गेल्या वर्षी तो रेघवाला ग्राहक परत आला. त्याच चिन्हाची मोबाइलसाठी छोटी आवृत्ती हवी होती. नव्या दरपत्रकाप्रमाणे निम्मी रक्कम जमा झाली, आणि आम्ही ती रेघ थोडी जाड करून दिली.