गळतीचं बिल कोण भरणार? लष्करी तळांवरच्या वीज-पाण्याच्या खासगीकरणाबद्दल

कुलाब्याच्या लष्करी वसाहती घ्या किंवा मालाडला मार्व्याजवळचा नौदलाचा तळ घ्या. कुंपणापर्यंत वीज आणायचं काम बेस्टचं किंवा उपनगरातल्या वीज कंपनीचं, पाणी आणायचं काम महापालिकेचं. मुख्य मीटर ओलांडला की पुढचं सगळं मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे, म्हणजे एमईएसकडे असतं. त्यात ११ केव्हीचं (११ हजार व्होल्टचं) सबस्टेशन, केबल, फीडर पिलर (वीज वाटून देणारी पेटी), जमिनीखालच्या आणि वरच्या टाक्या, पंप, मलवाहिन्या सगळं आलं. १९२३ पासून ही व्यवस्था चालत आली आहे. मे २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने, संरक्षण खर्चाचा फेरविचार करणाऱ्या शेकटकर समितीच्या शिफारशीनुसार, एमईएसमधली ९,३०४ पदं रद्द करायला मंजुरी दिली. आपल्या माणसांकडून थोडं काम आणि बाकीचं बाहेरून, ही दिशा तेव्हाच स्पष्ट झाली. म्हणून ज्या देशाने याच्या कितीतरी पुढे जाऊन तळांवरची वीज-पाणी यंत्रणाच विकली, त्याचा अनुभव नीट समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

तो देश अमेरिका. तिथे १९९७ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने लष्करी खात्यांना हा अधिकार मिळाला. तिथल्या कायदेसंहितेच्या दहाव्या विभागातलं २६८८ हे कलम त्यासाठीच आहे. वीज, पाणी, सांडपाणी, नैसर्गिक वायू, वाफ आणि गरम-थंड पाण्याच्या यंत्रणा खासगी किंवा सार्वजनिक कंपनीच्या मालकीच्या करता येतात आणि सेवेचा करार ५० वर्षांपर्यंत करता येतो. पाइप, खांब, ट्रान्सफॉर्मर विक्रीपत्राने जातात. जमीन मात्र विकली जात नाही, तिच्यावर फक्त वहिवाटीचा हक्क मिळतो. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसच्या पाणी आणि सांडपाणी यंत्रणेचा असा ५० वर्षांचा करार २००४ मध्ये झाला. ब्रिटनने वेगळी वाट धरली. त्यांनी पाणी-सांडपाण्याचं काम देशभरात तीन भागांत वाटून २५-२५ वर्षांसाठी दिलं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. कंपनीला विकली जाते ती नळ आणि तारांची यंत्रणा. त्यातून वाहणारं पाणी किंवा वीज बहुतेक करारांत सरकार स्वतःच वेगळी विकत घेतं. कंपनीला दरमहा ठरलेली रक्कम मिळते आणि तिचे भाग असे असतात: रोजची देखभाल-दुरुस्ती, जुनं काढून नवं बसवण्याचा खर्च, ताबा घेतानाच दिसलेल्या त्रुटी सुधारण्याचा खर्च आणि ताबा बदलण्याच्या काळाचा खर्च. यंत्रणेची जी किंमत कंपनीने सरकारला द्यायची, ती बहुधा या मासिक रकमेतून वळती होते आणि पुढे दरांतूनच पुन्हा वसूल होते, तीही व्याजासकट. त्यामुळे ‘यंत्रणा विकून सरकारला इतके मिळाले’ असं कुणी सांगितलं तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

आता खरी गोम बघा. पाणी सरकारचं आणि कंपनीची रक्कम ठरलेली. मग पाइपमधून पाणी गळलं तर नुकसान कुणाचं? सरकारचं. गळती शोधण्यावर कंपनीने खर्च केला तर तो तिच्या खिशातून जातो आणि वाचलेल्या पाण्याचा फायदा सरकारला होतो. कंपनी वाईट असायला हवी असं नाही, कराराची रचनाच तशी आहे. आपल्या भिवंडीचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. तिथे २००७ पासून वीजवितरणाची फ्रँचायझी टोरंट पॉवरकडे आहे. मालकी महावितरणकडेच राहिली. फ्रँचायझीने भिवंडीत आत येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे ठरलेला दर भरायचा आणि ग्राहकांकडून वसुली करायची. वाटेत युनिट गळालं की तिचाच तोटा. भिवंडीतल्या थकबाकी आणि वसुलीवरून वाद झाले आहेत आणि ते खरेच आहेत, पण गळती कमी करण्याची ओढ तिथे करारातच आहे. लष्करी तळावर बिल भरणारा ग्राहक एकच, सरकार, त्यामुळे ही ओढ आपोआप येत नाही. ती आकड्यांत लिहून घ्यावी लागते.

लिहायची कशी? पाण्यासाठी सर्वांत भरवशाचं माप म्हणजे रात्रीचा किमान प्रवाह. टाकीच्या निर्गम पाइपवर मीटर बसवा आणि रात्री २ ते ४ च्या दरम्यान दर पंधरा मिनिटांनी वाचन घ्या. या वेळेत माणसं झोपलेली असतात, त्यामुळे वाहणारं पाणी बहुतांशी गळतीचं असतं. समजा ताशी १२ घनमीटर प्रवाह दिसला. त्यातून दवाखाना, मेसची पहाटेची तयारी, पहाऱ्याच्या चौक्या आणि फ्लश मिळून ३ घनमीटर वजा केले. उरले ९. दाब दिवसभर सारखा असेल तर २४ तासांत २१६ घनमीटर, म्हणजे १० हजार लिटरचे २१ टँकर भरून वर पाणी रोज जमिनीत जातं. दिवसा वापर वाढून दाब उतरत असेल तर २४ ने गुणू नका, १८ ते २० ने गुणा, नाहीतर आकडा फुगतो. आणि उंच टाकी ओसंडते का हे आधी बघा. फ्लोट व्हॉल्व्ह बिघडलेला असला की ओव्हरफ्लोचं पाणी गळतीच्या खात्यात जमा होतं आणि लोक उगीच रस्ता खोदत बसतात.

ताबा देण्याच्या दिवशीचा हा आकडा दोन्ही बाजूंच्या सहीने करारात गेला पाहिजे. त्याच्यापुढे दरवर्षी किती घट हवी ते लिहायचं, आणि घट झाली नाही तर जास्तीच्या पाण्याचं बिल कंपनीने भरायचं.

विजेचा हिशोब तुलनेने सोपा आहे. ११ केव्हीच्या मुख्य मीटरचं वाचन आणि आतल्या सगळ्या मीटरांची बेरीज एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात घ्यायची. फरक म्हणजे तोटा. अडचण एवढीच की तळांवर अनेक इमारतींना स्वतंत्र मीटरच नसतो. रस्त्यावरचे दिवे, पंपघर, कार्यालयं हे सगळं एकाच फीडरवर (मुख्य वीजवाहिनीवर) अंदाजाने दाखवलेलं असतं. मीटर नसलेल्या ठिकाणी तोटा आणि वापर वेगळा करता येत नाही, म्हणून निविदा काढण्याआधीच मीटर लागले पाहिजेत. हा खर्च ‘नंतर कंपनी करेल’ म्हणून पुढे ढकलला तर आधी किती तोटा होता हे कधीच कळत नाही. हलका भार असलेले मोठे ट्रान्सफॉर्मरही तपासा. बिनभाराचा तोटा एक किलोवॉट असलेला ट्रान्सफॉर्मर वर्षभर नुसता चालू ठेवला तरी ८,७६० युनिटं खातो.

कंपनीला नेमकं काय काय विकायचं, त्या यादीचा प्रश्न याहून अवघड. अमेरिकेत संरक्षण खात्याने हे खासगीकरण आधी २००० च्या सुरुवातीपर्यंत उरकायचं ठरवलं होतं, मग मुदत २००३ वर गेली आणि तीही पुरली नाही. अशा कामात एक मोठी अडचण म्हणजे जमिनीखाली काय आहे हे कागदावर नसतं किंवा चुकीचं असतं. नकाशात सहा इंची बिडाचा पाइप, खणल्यावर चार इंची गॅल्व्हनाइज्ड. एखादी लाइन बंद म्हणून दाखवलेली, प्रत्यक्षात तिच्यावर दोन बराकी चालू.

मुंबईत हे जास्त कठीण जाईल. कुलाब्याचा बराचसा भाग भरावाचा, खाली खारं पाणी. जमिनीत लहरी सोडून पाइप शोधणारं रडार खाऱ्या, ओल्या मातीत फार खोल बघू शकत नाही, कारण क्षार आणि ओल लहरी शोषून घेतात. तिथे धातूच्या पाइपला आणि केबलला सिग्नल जोडून वरून लोकेटरने माग काढावा लागतो. प्लॅस्टिकच्या पाइपसाठी आतून ट्रेसर (सिग्नल देणारी तार) घालायचा, आणि शेवटी शंकेच्या जागी चाचणीचे खड्डे. खड्डा हाताने खणायचा, जेसीबीने नाही. प्रत्येक खड्ड्यात पाइपचा व्यास, धातू, खोली, सांध्याचा प्रकार आणि बाहेरच्या गंजाचा फोटो. बिडाच्या पाइपचा गंज वरून दिसत नाही. त्यातलं लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइट उरतं, आकार जसाच्या तसा राहतो. छोट्या हातोडीने ठोकलं की खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो, आणि टोकदार खिळ्याने ओरखडा काढला की काळी पूड निघते. असा पाइप कागदावर ‘चालू स्थितीत’ असतो, पण पंप अचानक बंद होऊन पाण्याचा धक्का बसला की फुटतो.

केबलसाठी नुसता मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) पुरत नाही. कोरड्या दिवशी जुनी कागदी इन्सुलेशनची केबल चांगलं रीडिंग देते आणि पहिल्या पावसात सांध्यातून पाणी शिरून उडते. म्हणून सांधे मोजायचे. एका किलोमीटरमध्ये किती जॉइंट आहेत आणि ते कोणत्या वर्षी झाले, हे केबलच्या वयापेक्षा जास्त सांगून जातं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची विद्युतरोधक क्षमता ३० केव्हीखाली आली असेल तर तेल गाळणं किंवा बदलणं ताब्याआधी कुणी करायचं ते ठरवा. अमेरिकेत जुन्या ट्रान्सफॉर्मरांच्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असण्याची शक्यता असते, तर कित्येक पाण्याच्या लाइनी अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या. असा माल कुणाच्या माथी, हा वाद विक्रीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतो.

मग हद्द, म्हणजे कंपनीची जबाबदारी कुठे संपते ती जागा. पाण्यासाठी सहसा इमारतीबाहेरचा शेवटचा व्हॉल्व्ह किंवा मीटर, विजेसाठी इमारतीच्या मीटरची किंवा मुख्य स्विचची जागा. ‘साधारण इमारतीपर्यंत’ असं मोघम लिहिलं की पंपाचा स्टार्टर, इमारतीवरची टाकी आणि आगीचा हायड्रंट हे तीन अनाथ होतात. हायड्रंटची दुरुस्ती कुणाची आणि त्याची प्रवाह-चाचणी वर्षातून किती वेळा, हे स्वतंत्र कलमात हवं.

आता पैशाकडे येऊ. समजा तळावर २४ किलोमीटर पाइप आहे आणि त्याचं आयुष्य ६० वर्षं धरलं. मग दरवर्षी सरासरी ४०० मीटर बदलला पाहिजे. सरकारी व्यवस्थेत निधी मिळतो समजा ४० मीटरचा. या वेगाने सगळा पाइप बदलायला ६०० वर्षं लागतील. खासगीकरणाच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा हाच आहे: करारात बांधलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे बदलीचं काम होतं. पण हाच मुद्दा हिशोबात फसवतो. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ मध्ये नेमकं हे दाखवून दिलं. खासगी कंपनीच्या दराची तुलना सरकारचा प्रत्यक्ष खर्च किती याच्याशी होत नव्हती, तर सरकारने आदर्श देखभाल केली असती तर किती लागले असते या अंदाजाशी होत होती. ४०० मीटरची किंमत दोन्ही बाजूंना धरली की कंपनी स्वस्त दिसते, आणि प्रत्यक्षात सरकारचं वार्षिक बिल वाढतं. वाढलेल्या बिलाच्या बदल्यात चांगली यंत्रणा मिळते, हे मला मान्य आहे. पण त्याला बचत म्हणू नये.

दर कायम राहत नाहीत हेही लक्षात घ्या. तिकडच्या अनेक जुन्या करारांत पहिल्या दोन वर्षांनी आणि मग दर तीन वर्षांनी फेरठरावाची सोय होती. ताबा घेतल्यावर ‘यादीत नसलेला पाइप सापडला’ हे फेरठरावाचं मोठं कारण ठरतं. म्हणजे यादी करताना चाचणीच्या खड्ड्यांवर वाचवलेले पैसे तिथे कित्येक पटीने जातात.

सरकारने स्वतःकडे ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. हवाईत पर्ल हार्बरजवळ नौदल स्वतः चालवत असलेल्या पाणीयंत्रणेत नोव्हेंबर २०२१ मध्ये रेड हिलच्या इंधनसाठ्यातलं विमानाचं इंधन मिसळलं आणि सुमारे ९३ हजार लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. मालक कुणीही असो, पाण्याचे नमुने तपासणारी यंत्रणा चालवणाऱ्यापासून वेगळी असायला हवी. मुंबईत तर आणखी एक धोका आहे. महापालिकेचा पुरवठा बऱ्याच भागांत ठरावीक तासांचा असतो. पुरवठा थांबला की रिकाम्या पाइपमध्ये शोष तयार होतो आणि शेजारच्या फुटक्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. तळाच्या आत उंच टाकीतून चोवीस तास दाब ठेवता येत असेल तर तो ठेवावा आणि किमान दाब करारात मीटरमध्ये, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, लिहावा. शेवटच्या घराच्या नळावर १० मीटर हा आकडा मी धरेन.

२००७ मध्ये के-पूर्व प्रभागाच्या (अंधेरी पूर्वेकडचा भाग) पाणीवाटपाच्या खासगीकरणाचा प्रस्ताव नागरिकांच्या विरोधामुळे मागे पडला, हे मुंबईकरांना आठवत असेल. तळावर असा विरोध उभा राहणार नाही, कारण तिथे राहणाऱ्यांच्या बदल्या होतात आणि बोलायला मंच नसतो. म्हणून त्यांच्या वतीने प्रश्न विचारण्याचं काम गॅरिसन इंजिनिअरच्या (तळाची देखभाल पाहणारा एमईएसचा अधिकारी) कार्यालयात उरलेल्या माणसांवर येतं. मीटर वाचणारा, केबलचा दोष ओळखणारा आणि कंपनीचं बिल ओळीओळीने तपासणारा किमान एकेक अनुभवी माणूस सरकारकडे राहिला नाही, तर कराराच्या पाचव्या वर्षानंतर कंपनी सांगेल तेच खरं मानावं लागेल. पदं कापताना ही माणसं आधी जातात आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

रोजच्या कामात सर्वांत जास्त वेळ जातो गेटवर. रात्री दोनला ११ केव्हीचा फीडर ट्रिप झाला, कंपनीची गाडी आली, पण पास दिवसाचाच, सोबत द्यायला जवान मोकळा नाही, आणि हायड्रॉलिक क्रेनच्या ड्रायव्हरची पोलीस पडताळणी बाकी. म्हणून पडताळणी झालेल्या माणसांची राखीव यादी, सुटे भाग कुंपणाच्या आतच ठेवण्याची जागा (निदान दोन जॉइंट किट, एक सुटा ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक व्यासाचे दुरुस्तीचे क्लॅम्प) आणि गेटवर पोहोचल्याच्या वेळेपासून नाही, तर तक्रार नोंदल्यापासून मोजलेली वेळ, या तीन गोष्टी करारात हव्यात. वर्षातून एकदा बाहेरची वीज मुद्दाम तोडून जनरेटरवर तळ चालतो का हे पाहायचं. अमेरिकेत तसा सराव घेतात. जनरेटर सुरू होतो, पण पंपघर त्या फीडरवर नसल्यामुळे दोन तासांत टाक्या रिकाम्या होतात, अशी चूक कागदावर कधीच दिसत नाही.

आणि करार मोडला किंवा संपला तर? मालकी गेलेली असते, त्यामुळे यंत्रणा परत घ्यायची तर न फिटलेली रक्कम द्यावी लागते. ती कशी काढायची याचं सूत्र, दरवर्षी अद्ययावत झालेल्या नकाशांची प्रत आणि स्काडाचे (यंत्रणेवर दुरून नजर ठेवणाऱ्या आणि ती चालवणाऱ्या संगणक प्रणालीचे) पासवर्ड, हे सगळं पहिल्या दिवसापासून सरकारच्या कपाटात असलं पाहिजे.