हिरव्या रेघा

"हे ४९, ४९, ९९ रुपये रोज रात्री कुठे जातात हो?"

जळगावात होम लोनसाठी गेलो होतो. साहेबांनी धाकट्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट पुढे सरकवलं. पानभर हिरवा हायलायटर. मोबाइलवर पैसे लावून आयपीएलच्या टीमा लावायचा पठ्ठ्या!

"पण दादा, जिंकेल बी शे ना मी!" तो कुजबुजला.

सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, चांगला; हप्ता एकही थकलेला नाही. साहेब म्हणाले, "सिबिलमध्ये हे दिसत नाही. आम्हाला दिसतं."

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले खरे, पण एप्रिल-मेच्या नोंदी कोण पुसणार? घरचे विचारायचे, तेव्हा "रिचार्ज" म्हणायचा.

फाइल तूर्त बाजूला ठेवली आहे. आईने मात्र गल्लीत पेढे वाटलेत. तिला काय सांगू?