ओडीआय ४, नॉर्मल. पण कुठल्या सेटिंगवर?

घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसभर पेंग, म्हणून घरी रात्रभराची ऑक्सिमेट्री, म्हणजे बोटावरून रक्तातल्या ऑक्सिजनची नोंद, करायला सांगितली होती. यंत्र मनगटाला बांधून, प्रोब बोटाला लावून झोपायचं, एवढंच. घोडं अडलं ते रिपोर्टपाशी.

हातात आलं एकच पान: ‘ओडीआय ४, नॉर्मल’. ओडीआय म्हणजे तासाला किती वेळा ऑक्सिजन घसरला. पण किती टक्क्यांची घसरण धरली, ३ की ४? पानावर त्याचा पत्ताच नाही. ३ टक्के धरले तर त्याच नोंदीतून बऱ्याचदा मोठा आकडा निघतो.

खरी मेख सरासरीच्या सेकंदांत आहे. पडद्यावरचा आकडा त्या क्षणाचा नसतो, मागच्या काही सेकंदांची सरासरी असते. ॲप्नियात श्वास किमान १० सेकंद थांबतो, थोड्या वेळाने बोटावर घसरण दिसते आणि लगेच भरूनही निघते. सरासरी ३ सेकंदांची असेल तर हा खड्डा ग्राफवर नीट उमटतो. १६ सेकंदांची असेल तर बुजतो: समजा ९५वरून ९१ला गेलेला आकडा ९३वरच थांबल्यासारखा दिसतो आणि मोजणीतून गळतो. हे विचारायला गेलो तर काउंटरवर एकच उत्तर, ‘मशीन आपोआप काढतं.’ तिसऱ्या फेरीला कुणीतरी सेटिंग उघडून पाहिलं. १६ सेकंद, ४ टक्के!

शिवाय भागाकार पूर्ण नोंदीच्या तासांनी होतो, झोपेच्या तासांनी नाही. दोन तास जागेच काढले असतील तर ओडीआय आपसूक खाली येतो. म्हणून दिवा मालवल्याची, मध्ये उठल्याची आणि सकाळची वेळ कागदावर लिहून द्या.

३ सेकंद, ३ टक्के लावून पुन्हा एक रात्र केली, ओडीआय १७. रात्रीगणिक फरक पडतोच, पाठीवर झोपलं तर आकडा वाढू शकतो, त्यामुळे सगळं खापर सेटिंगवर फोडणार नाही. पण यावेळी ग्राफही मागून घेतला, त्यात करवतीच्या दात्यांसारख्या ओळी स्पष्ट होत्या. त्यानंतरच नाकातला हवेचा प्रवाह आणि छाती-पोटाचे पट्टे असलेली तपासणी ठरली, कारण घसरण घसा बंद झाल्याने की मेंदूकडून श्वासाचा संदेशच न आल्याने, हे ऑक्सिमेट्री सांगू शकत नाही. आणि उलटंही खरं: काहींची झोप ऑक्सिजन फारसा न घसरताच मोडते, त्यामुळे लक्षणं असताना नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका.

सांगायचं राहिलं: नेलपॉलिश काढा, बोट गरम ठेवा. प्रोबची वायर हाताच्या मागच्या बाजूने नेऊन टेपने सैलसर चिकटवा, आवळली तर रक्तप्रवाह दबून नोंद बिघडते. निदान चार तासांची स्वच्छ नोंद हवी. फक्त आकडा दाखवणारा, मेमरी नसलेला साधा ऑक्सिमीटर या कामाचा नाही. घरी ऑक्सिजन चालू असेल तर घसरणी झाकल्या जातात, ते आधीच सांगा.

आणि यंत्र परत देताना मूळ नोंदीची फाइल तिथल्या तिथे मागून घ्या. पुढच्या पेशंटसाठी मेमरी पुसली की पुन्हा मोजायला काही उरत नाही.