जाड दांडा आणि केसाएवढी रेघ

२०११ सालच्या एका लग्नपत्रिकेनं आमचं दुकान बुडवायचंच बाकी ठेवलं होतं. ती सांगतोच, पण आधी वडिलांचं सांगतो, कारण मूळ सगळं त्यांचं आहे.

वडिलांची कोल्हापुरात मंगळवार पेठेत ट्रेडल होती, म्हणजे जुन्या पद्धतीचं छपाईयंत्र. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, सगळ्यांकडे असत, आमच्याकडे पोस्टरच्या लाकडी खिळ्यांचा एक जादा संच होता. कान्याचा दांडा अंगठ्याएवढा जाड आणि जोडरेघ दोऱ्यासारखी. कुस्तीच्या मैदानाचं पोस्टर त्यात लावलं की पैलवानाचं नाव भिंतीवरून अंगावर यायचं. परदेशात याच चालीच्या अक्षराला ‘फॅट फेस’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींवर ते झळकायचं, म्हणजे तिकडेही काम तेच, लांबून माणूस थांबवायचं. फरक कलमाचा. रोमनमध्ये उभा दांडा जाड आणि आडवी रेघ बारीक. आपल्या बोरूचा काप उलटा, त्यामुळे बारकावा तिरक्या वळणात येतो. रोमन समोर ठेवून देवनागरी जाड केली की अक्षर सुजल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

ट्रेडल गेली, स्क्रीन प्रिंटिंग आलं. जुन्या पोस्टरांवरून मी ती अक्षरं ट्रेसिंग पेपरवर पुन्हा काढली. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे. दोन पावसाळे गेले त्यात. शेजारी बसून एक पोरगा फिल्म कापायला शिकत होता. सहा वर्षं माझ्याच डब्यात जेवला. त्याचं पुढं येईलच.

तर ती पत्रिका. मरून रंगाचं कार्ड, त्यावर सोनेरी शाईचा भरीव पट्टा आणि पट्ट्यातून कोरून काढलेलं नाव, ‘चि. सौ. कां. वर्षा’. पोस्टरचं अक्षर मी थेट १४ पॉइंटच्या बारक्या आकाराला उतरवलं. घमेंड, दुसरं काय! धातूची शाई पसरते आणि कोरलेली बारीक रेघ दोन्हीकडून बुजत जाते. रफार गेला. अठराशे कार्डांवर नवरीचं नाव ‘वषा’ झालं. मुलीच्या मामांनी एक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सगळी कार्डं फुकट छापून दिली. कागदवाल्याची उधारी, त्यात बँकेचा हप्ता, शेवटी बायकोच्या पाटल्या गेल्या. आणि त्याच महिन्यात आमचा तो शिष्य समोरच्या गाळ्यात फ्लेक्सचं दुकान टाकून बसला. माझ्या ट्रेसिंगची गुंडाळीही त्याच्याबरोबरच गेली. ‘वषा’ची गोष्ट पेठेत कुणी पसरवली ते मी सांगत नाही. तालमींची कामं एकेक करून रस्ता ओलांडून गेली.

एका तालमीचे वस्ताद तेवढे गेले नाहीत. दरवर्षी गेल्या सालचं पोस्टर वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. नवं पोस्टर मला दारात धरून उभं करायचे आणि स्वतः पलीकडच्या फूटपाथवर जाऊन, त्या फ्लेक्सवाल्याच्या पायरीवरच उभे राहून ओरडायचे, “हितनं वाचाय आलं पायजे!” त्याला ऐकू जावं म्हणूनच ओरडत असावेत. त्या एका पोस्टरच्या आधारावर मी ते वर्ष काढलं. पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग फाँट फुकट मिळायला लागले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या फाँट बनवणाऱ्या कंपनीचा ‘रोझा वन’ हा याच घराण्यातला, जाड-बारीकचा टोकाचा फरक, रोमन आणि देवनागरी दोन्ही. कुणीही उतरवून घ्यावा, धंद्यात वापरावा. मी दोन पावसाळे घातले ते समोरच्यानं एका दुपारी उतरवलं. त्याची गिऱ्हाईकं अजून समजतात की अक्षर त्यानंच काढलंय. विचारणाऱ्याला मी खरं सांगतो, न विचारणाऱ्यालाही सांगतो. आणि हो, आता मीही तोच वापरतो.

नव्या पोरांना चार गोष्टी सांगायच्या आहेत, कुणी विचारलेलं नसलं तरी. असलं अक्षर मथळ्यासाठी असतं, त्यात पत्ता आणि वेळ लावू नका. त्याला ‘एक टाइप’ या फाँटवाल्यांच्या ‘मुक्त’सारखं साधं अक्षर घ्या. अक्षरांमधली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते. फ्लेक्सवाले आधीच जाड असलेल्या अक्षराला वरून आउटलाइन चढवतात, मग ‘भ’ची पोकळी बुजते आणि ‘क्ष’ चिखलात बसल्यासारखा दिसतो. फाँटमध्ये मराठी ‘ल’, ‘श’ दिले असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा, नाहीतर हिंदी वळण येतं आणि गिऱ्हाइकाला काय खटकतंय ते त्यालाही सांगता येत नाही. गडद रंगातून अक्षर कोरायचं असेल तर बारीक रेघ आधी थोडी जाड करा. हे शिकायला मला अठराशे कार्डं लागली.

यंदा वस्तादांचा नातू आला. छापील नको म्हणाला, व्हॉट्सॲपवर फिरवायला हवंय. संध्याकाळी वस्तादांनी माझा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, हात लांब केला, तरी मनासारखं होईना. शेवटी मोबाइल माझ्या हातात देऊन ते रस्ता ओलांडून गेले. मी दारात उभा, मोबाइल छातीशी धरून.

तिकडून काय ओरडले ते एसटीच्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाले, “रफार दिसला न्हाई. मोठा कर.”